नगराच्या स्तंभावर ध्वज कोणाचा?

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी आम्ही प्रतिवर्षी धान्याच्या भावाविषयी, साठ्याच्या निर्बंधांविषयी अथवा तोलाई-हमालीच्या तक्रारींविषयी चार शब्द लिहीत असतो. संपादक मंडळाने यंदाही तीच अपेक्षा धरली असावी. परंतु गेल्या चैत्रापासून एक निराळाच विषय आमच्या मनात घर करून बसला आहे आणि तो मांडल्यावाचून आम्हांस स्वस्थता लाभणार नाही. आम्ही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले आणि पुढील सर्व आयुष्य वखारीत, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये गेले. तेव्हा लिहिण्यात काही उणे-अधिक आढळल्यास व्यापारी बंधूंनी सांभाळून घ्यावे.

विषय असा. आपल्या कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला आहे. स्टेशन रस्त्यावरील चौकात, महानगरपालिकेच्या जागेत, एक कायमचा स्तंभ उभारावा व त्यावर आपला पंचरंगी जैन ध्वज बारमाही फडकत राहावा, अशी परवानगी महानगरपालिकेकडे मागावयाची आहे. स्तंभाचा खर्च मंडळ करील, जागा मात्र नगराची. अर्जावर चाळीसहून अधिक सभासदांच्या सह्या असून त्यांत पहिली सही आमची आहे. ती करताना आम्हांस आनंदच झाला होता. आज मात्र ती सही परत घ्यावी असे आम्हांस वाटते, आणि तसे का वाटते हे उघडपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. चाळीस जणांना पुढे करून आपण मागल्या दाराने निघून जाणे व्यापाऱ्यास शोभत नाही.

प्रथम घरची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी महावीर जयंतीस आपल्या तरुण मंडळींनी मोठ्या उत्साहाने रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांना पंचरंगी ध्वज बांधले. परवानगी तीन दिवसांची होती. चैत्र गेला, वैशाख गेला, मृगाचा पाऊस लागला, ध्वज तेथेच. उन्हाने तांबडा रंग फिक्का गुलाबी झाला, हिरवा व निळा एकमेकांत मिसळले, काहींच्या नुसत्या चिंध्या उरल्या. एके दिवशी सकाळी पेढी उघडत असता आमच्याकडील एक जुना हमाल चिखलाने माखलेले कापड दोन बोटांत धरून आला आणि म्हणाला, ‘‘शेठ, हे तुमचंच ना? गटारीत पडलं होतं.’’ त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा लेशमात्र नव्हता. वस्तू ज्याची त्याला पोहोचती करावी, इतकाच त्याचा प्रामाणिक हेतू. आम्ही ते कापड घेतले, धुतले, वाळविले. पुढे त्याचे काय करावे, हे मात्र आम्हांस सुचेना.

हे कापड म्हणजे काही साधे निशाण नव्हे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने, १९७४-७५ च्या सुमारास, सर्व संप्रदायांनी मिळून जो ध्वज स्वीकारला, तो हा. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा व गडद निळा हे पाच रंग पंचपरमेष्ठींचे आणि मध्यभागी स्वस्तिक. आम्ही त्या वेळी खानदेशात शाळेत शिकत होतो. ज्या गावात श्वेतांबर आणि दिगंबर यांच्या मिरवणुका वेगवेगळ्या रस्त्यांनी जात, तेथे एकाच ध्वजाखाली दोहोंचे वडीलधारे चालताना आम्ही त्या वर्षी प्रथम पाहिले. त्या ध्वजाविषयी आमचे ममत्व कोणाहून कमी आहे, असे कृपया कोणी समजू नये. उलट त्या ममत्वापोटीच हा लेख लिहीत आहोत.

आपल्या मंदिराच्या शिखरावरील ध्वजेचे पाहा. प्रतिष्ठेच्या वार्षिक दिनी जुनी ध्वजा उतरते व नवी चढते. तो लाभ कोणत्या कुटुंबाने घ्यावयाचा हे ठरलेले असते. दिवस ठरलेला, विधी ठरलेला, उतरविलेल्या ध्वजेचे काय करावयाचे तेही ठरलेले. वाऱ्याने ती मध्येच फाटली तर पुजारी त्याच दिवशी विश्वस्तांस निरोप धाडतो. त्या ध्वजेला धनी आहे. दिव्याच्या खांबावरील ध्वजाला धनी कोण? लावणारे घरी गेले, परवानगी देणारे दुसऱ्या कामास लागले, आणि धनी ठरला तो गटारीतून उचलून आणणारा एक हमाल.

आता कायद्याकडे वळू. आपल्या राष्ट्रध्वजाबाबत भारताची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून अंमलात आहे. तिच्या पाठीशी १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा अधिनियम उभा आहे व त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. ज्या महत्त्वाच्या सार्वजनिक इमारतींवर तिरंगा फडकवावयाचा, त्यांत उच्च न्यायालये, सचिवालये, जिल्हाधिकारी कचेऱ्या व तुरुंग यांच्या जोडीला नगरपालिकांचाही उल्लेख संहितेत आहे. ध्वजाची लांबी व उंची यांचे प्रमाण ३:२ असावे. फाटका किंवा चुरगळलेला ध्वज लावू नये. जीर्ण झालेला ध्वज खाजगी रीतीने, शक्यतो अग्नीत देऊन, सन्मानपूर्वक संपवावा. त्याच्याहून उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने दुसरे कोणतेही निशाण नसावे, असे तिचे दंडक आहेत. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली आणि जुलै २०२२ मध्ये नागरिकांना ध्वज रात्रंदिवस लावण्याची मुभा मिळाली. त्या वर्षीच्या ऑगस्टात सुरतेच्या कापडबाजाराला तिरंग्याच्या केवढ्या मागण्या आल्या, हे येथे सांगण्याची गरज नाही. स्मरणिकेच्या कित्येक वाचकांनी तो माल स्वतः रवाना केलेला आहे. नांदेडला खादीचा राष्ट्रध्वज विणणारी मंडळी आहेत, त्यांचे त्या वर्षी काय झाले असेल, हा विचार मात्र तेव्हा आमच्या मनात येऊन गेला. असो.

संहिता राष्ट्रध्वजाविषयी इतके बारकाईने बोलते, परंतु नगरपालिकेच्या चौकात, उद्यानात वा दिव्याच्या खांबावर अन्य ध्वजांनी यावे की न यावे, किती दिवस राहावे व कोणी उतरवावे, याचा निर्णय तिने केलेला नाही. तिरंग्याच्या बरोबरीस अथवा वर येऊ नये, एवढेच तिचे म्हणणे. उरलेली जागा नगराच्या कारभाराने स्वतः नियम करून भरावयाची असते. नियम नसला की तेथे वहिवाट शिरते, आणि वहिवाट नेहमी अधिक जोर असणाऱ्याच्या बाजूची असते. बाजारात आयुष्य काढलेल्या माणसास हे निराळे सांगावे लागत नाही.

नगराच्या इमारतीवरील ध्वज ही केवढी गंभीर गोष्ट आहे, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने एका शतकापूर्वीचे जबलपूर आठवावे. १९२२ मध्ये काँग्रेसची एक समिती तेथे आली असता नगराच्या टाऊन हॉलवर स्वराज्याचा ध्वज चढला. त्याची वार्ता विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली, तेथे प्रश्न विचारले गेले आणि असे पुन्हा घडू देणार नाही, असे सरकारला सांगावे लागले. पुढील वर्षी मार्चमध्ये काँग्रेसचे पुढारी पुन्हा यावयाचे होते. नगरपालिकेने ध्वज लावण्याचे ठरविताच इंग्रज अधिकाऱ्याने अट घातली की, लावावयाचा तर शेजारी युनियन जॅकही लावा. नगरपालिकेने ती अट नाकारली. १८ मार्च १९२३ रोजी उस्ताद प्रेमचंद, सीताराम जाधव, परमानंद जैन व खुशालचंद जैन या चौघांनी टाऊन हॉलवर चढून ध्वज फडकविला. या चार नावांत दोन आपल्या समाजाची आणि एक मराठी आडनाव आहे, हे वाचून ज्याची छाती फुलणार नाही असा वाचक या स्मरणिकेला मिळणे कठीण!

तेथून ती ठिणगी नागपुरास गेली. १ मे १९२३ पासून सिव्हिल लाइन्सच्या बाजूस ध्वज घेऊन जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकड्या निघू लागल्या व तुरुंग भरू लागले. त्या सत्याग्रहाचे धुरीण होते वर्ध्याचे जमनालाल बजाज, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखे पेढीवर बसणारे व्यापारी. त्यांस दीड वर्षाची शिक्षा व ३,००० रुपये दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठी त्यांची मोटार जप्त करण्यात आली, तर नागपुरात तिच्यावर बोली लावावयास कोणी पुढे येईना. लिलावात माल आहे, पुकारणारा आहे आणि घेणारा एकही नाही, असा प्रकार आम्ही आडतीच्या धंद्यात कधी पाहिला नाही. भाव पाडण्यासाठी व्यापारी गप्प बसतात ते निराळे; येथे सबंध बाजार गप्प बसला तो मान राखण्यासाठी. पुढे नेतृत्व वल्लभभाई पटेलांकडे आले आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक ध्वजांसह त्या रस्त्याने गेली.

अर्जाला पाठिंबा देणारे आमचे मित्र याच इतिहासाचा दाखला देतात. ध्वजासाठी आपले पूर्वज तुरुंगात गेले, मग आपण साधी परवानगी मागावयास का कचरावे, असे ते विचारतात. आमच्या अल्प मतीने या इतिहासाचा अर्थ उलट आहे. जबलपूरच्या टाऊन हॉलवर चढलेल्या खुशालचंद व परमानंद यांनी तेथे जैन ध्वज नेला नव्हता. त्यांच्या घरीही मंदिर होते, मंदिरावर ध्वजा होती. परंतु नगराच्या छपरावर चढताना त्यांनी सर्वांचा ध्वज घेतला. नगरपालिकेने शेजारी दुसरे निशाण लावण्यास नकार दिला तोही याच कारणास्तव. त्या खांबावरून जे बोलले जाईल ते साऱ्या नगराच्या वतीने बोलले जाईल, हे त्या मंडळींस पक्के ठाऊक होते.

आमच्या सचिनचेच पाहा. १७९१ मध्ये जंजिऱ्यावरील हक्काच्या बदल्यात पेशव्यांनी सिद्द्यांच्या एका वारसास सुरतेजवळचा हा मुलूख तोडून दिला. जंजिरा काही पेशव्यांच्या हाती लागला नाही. सौदा आतबट्ट्याचा झाला, हे कोणीही व्यापारी सांगेल. पण त्या सौद्यातून सचिन संस्थान जन्मास आले आणि १९४८ पर्यंत येथे नवाबांचे राज्य होते. त्यानंतर मुंबई राज्य, १९६० पासून गुजरात. पुढे येथे नगरपालिका आली आणि २०२० मध्ये सचिन सुरत महानगरपालिकेत समाविष्ट झाले. औद्योगिक वसाहतीमुळे आज येथे गुजराती, मराठी, ओडिया, उत्तर प्रदेशी, बिहारी अशी सर्व तऱ्हेची माणसे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. आमच्या पेढीवरून तांदूळ जातो तो ओडिया खाणावळीत, ज्वारी-बाजरी जाते ती खानदेशी कुटुंबांत. एका राजाचे निशाण उतरून ज्या गावावर सर्वांचे निशाण चढले, त्याच्या चौकात पुन्हा एका समाजाचे निशाण बारमाही उभे करावयाचे, तर ते का, याचे उत्तर आपणांस या सर्व शेजाऱ्यांना देता आले पाहिजे. आम्हांस ते सापडले नाही.

येथे आम्ही बेळगावचा उल्लेख करणार आहोत. मराठी वाचकास तो बोचेल, आम्हांसही बोचतो. २८ डिसेंबर २०२० रोजी बेळगाव महानगरपालिकेच्या कार्यालयासमोर कन्नड कार्यकर्त्यांनी स्तंभ उभारून लाल-पिवळा ध्वज लावला. मराठी संघटनांनी तो हटविण्याची मागणी केली, मोर्चे निघाले, आणि नवे वर्ष उजाडताच कोल्हापूरकडून भगवा घेऊन निघालेल्या शिवसैनिकांना सीमेवर अडविण्यात आले. बेळगाव-निपाणी भागात आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे, आमचे आडतीचे जुने संबंध तिकडे आहेत आणि आमचे मन कोणाच्या बाजूस धावते हे सांगावयास नको. ज्या शहरात लाखो मराठी माणसे राहतात त्याच्या महानगरपालिकेच्या दारात एका भाषेचा ध्वज उभा करणे हा अन्याय आहे, असे आम्ही त्या वेळी पेढीवर बसून तावातावाने बोललो. त्याच तोंडाने आम्ही सचिनच्या चौकात पंचरंगी स्तंभ मागितला, तर आमच्या बोलण्यास किंमत ती काय राहिली? घेताना एक माप आणि देताना दुसरे, असा व्यवहार बाजारात एकदा उघडकीस आला की त्या पेढीची हुंडी पुढे कोणी स्वीकारीत नाही.

दूरदेशीचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या नगरभवनासमोर तीन ध्वजस्तंभ आहेत. तिसऱ्यावर निरनिराळ्या मंडळींस आपापले ध्वज काही काळ लावू देण्याची प्रथा पडली. २००५ ते २०१७ या काळात असे २८४ समारंभ झाले आणि एकासही नकार मिळाला नाही. २०१७ मध्ये एका संस्थेने ख्रिस्ती ध्वज लावण्याची परवानगी मागितली तेव्हा नगराने प्रथमच ‘नाही’ म्हटले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२२ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी नगराविरुद्ध निकाल दिला. निकालाचे मर्म आम्हांस उमगले ते असे: स्तंभ नगराचा स्वतःचा ठेवा, मग त्यावर काय लावावे हे नगर ठरवील, परंतु एकदा तो आल्या-गेल्यास मोकळा केलात की एकासच दार बंद करता येणार नाही. आपल्या देशाचा कायदा निराळा आहे, हे खरे. तथापि आज आपणांस ‘हो’ म्हणणाऱ्या महानगरपालिकेस उद्या दुसऱ्या कोणास ‘नाही’ कोणत्या तोंडाने म्हणता येईल, हा प्रश्न तेथल्याइतकाच येथेही लागू पडतो. बेलफास्ट शहरात तर ३ डिसेंबर २०१२ रोजी नगरभवनावरील ब्रिटिश ध्वज बारमाही न लावता नेमक्या दिवशीच लावावा, असा ठराव २९ विरुद्ध २१ मतांनी झाला आणि त्यानंतर कित्येक आठवडे रस्त्यांवर दंगे चालले. नेहमीची वहिवाट मोडताना काय किंमत द्यावी लागते, हे त्यावरून दिसते. ती पडण्यापूर्वीच विचार केलेला बरा.

आमच्या या म्हणण्यावर एका तरुण सभासदाने आमच्या पेढीवर येऊन विचारले, ‘‘काका, बाकी सगळ्यांचे झेंडे वर्षभर खांबांवर लटकतात. निवडणूक झाली तरी पक्षांचे उतरत नाहीत. मग नियम पाळण्याचा मक्ता काय आपणच घेतला आहे?’’ प्रश्न खरा आहे. आम्ही पुष्कळ विचार केला आणि अद्याप आमचे पूर्ण समाधान झालेले नाही, हे कबूल करतो. आपण मागे सरलो म्हणून दुसरे सरतील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. कदाचित आपली जागाही दुसरे घेतील. परंतु नियम करा असे महानगरपालिकेस सांगावयाचे, तर सांगणाऱ्याचा स्वतःचा अर्ज त्याच कचेरीत पडून असता कामा नये, एवढे आम्हांस स्पष्ट दिसते. शिवाय आपण व्यापारी आहोत. परवाने, जागा, कर यांसाठी त्या कचेरीत आपले रोजचे येणे-जाणे असते. आपला ध्वज तेथे भक्तीने चढला की ओळखीने, अशी शंका इतरांच्या मनात आली तर ती खोडून काढणे आपणांस जड जाईल.

नवीन जिंदाल यांचा खटला येथे आठवतो. रायगडच्या आपल्या कारखान्यावर त्यांनी तिरंगा लावला असता अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ जानेवारी २००४ रोजी निर्णय झाला की, सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. स्वतःच्या छपरावर माणसाचा हक्क मोठा असतो. आपला पंचरंगी ध्वज आपल्या दुकानांवर, घरांवर, उपाश्रयावर, मिरवणुकीत आपल्या हाती असावा. त्यास कोणाची ना नाही आणि परवानगीचीही बहुधा गरज नाही. बाजारातील सामाईक काट्यावर मात्र कोणतीही पेढी आपले नाव रंगवीत नाही. तसे केले, तर तोल खरा असूनही गिऱ्हाइकाचा विश्वास उडेल.

तेव्हा कार्यकारिणीने तो अर्ज मागे घ्यावा आणि त्याऐवजी महानगरपालिकेस दुसरे निवेदन द्यावे, अशी आमची सूचना आहे. महानगरपालिकेच्या इमारती, प्रवेशद्वारे, उद्याने व कायमचे स्तंभ यांवर राष्ट्रध्वजाखेरीज दुसरा कोणताही ध्वज नसावा, असा लेखी नियम करावा. सण-उत्सवांसाठी रस्त्यावरील खांब द्यावयाचे असतील तर सर्वांस सारख्याच अटींवर, सारख्याच दिवसांसाठी द्यावेत आणि प्रत्येकाकडून अनामत रक्कम घ्यावी. मुदत संपल्यावर चोवीस तासांत ध्वज उतरला तर अनामत परत, न उतरला तर जप्त व उतरविण्याचा खर्चही त्यातूनच. बारदान परत येईपर्यंत त्याची रक्कम धरून ठेवण्याची चाल आपल्या धंद्यात होतीच, आणि तिच्यामुळे बारदान परत येत असे. राष्ट्रध्वजासाठी प्रत्येक कचेरीत एका कर्मचाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. तो फाटला तर जाब त्याला. एका सरकारी कचेरीवर आम्ही भर पावसाळ्यात कडेने उसवलेला तिरंगा पाहिला. आत जाऊन सांगितले तर एकाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने वरच्या मजल्याकडे बोट दाखविले. तिसऱ्या खेपेस तो उतरला खरा, पण उतरविण्याचे काम कोणाचे होते, ते शेवटपर्यंत कळले नाही.

मंडळाने स्वतःपुरता एक नियम आजच करावा. मिरवणुकीचे जितके ध्वज बाहेर जातील तितके वहीत लिहावेत आणि परत आलेले मोजून घ्यावेत. पोती मोजल्याशिवाय आपण गाडी सोडीत नाही.

गटारीतून आलेला तो ध्वज अजून आमच्या पेढीवरील लाकडी पेटीत, जुन्या चोपड्यांशेजारी घडी करून ठेवलेला आहे. मंदिराच्या विश्वस्तांना आम्ही विचारले आहे. येत्या ध्वजारोहणाच्या दिवशी शिखरावरून उतरणाऱ्या ध्वजेबरोबर त्याचीही योग्य ती व्यवस्था ते लावणार आहेत. अर्जावरील आमची सही काढून घेण्याचे पत्र आम्ही चिटणिसांच्या स्वाधीन केले असून ते सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावे, अशी त्यांस विनंती केली आहे.